उभ्याचं आडवं

हनशीर लूझ, ३० सप्टेंबर १९९९

वजदी,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर. आधी अक्षर बघ. ओळखलंस? ओळखणारच. स्फाक्सच्या कॉलेजात याच अक्षरातल्या वह्या उसन्या घेऊन तू इंजिनिअर झालास. मी बोलते आहे आणि सुंदुस लिहिते आहे. पोस्टमास्तराची बायको लिहून द्यायला तयार होती, तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मी नको म्हटलं. मला मोती नकोत. तुला हेच अक्षर दिसायला हवं.

सुंदुस विचारते, "आजी, हेसुद्धा लिहू?" लिही बाई. मी खोकले तर तेही लिही.

आज गुरुवार. बाजार भरला नाही. तिकडे फ्रान्सात, तुझ्या ग्रनोबलला, नदीला काठ असतात म्हणे आणि बाजार जमिनीवर भरतो. आमचा कुठे भरतो ते विसरला नसशील. वादीच्या, आमच्या पावसापुरत्या नदीच्या, कोरड्या पात्रात, कण्हेरीच्या झुडपांमधल्या वाळूवर, माझ्या आजीच्या आजीपासून. पाण्याची भीती होतीच, पण आभाळ बघून चटया गुंडाळायची अक्कलही होती. तुझं पुराचा इशारा देणारं यंत्र आलं आणि ती अक्कल आम्ही कोनाड्यात ठेवून दिली.

दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी डोंगरावर, ऐन हल्फा गावाच्या बाजूला, आभाळ काळं झालं. बायका चटया गुंडाळायला लागल्या. तेवढ्यात तुझा बाप गावच्या कचेरीच्या गच्चीवर चढला. पाण्याच्या कचेरीचा निरोप त्याच्याकडे फोनवर येतो आणि तो भोंग्यावरून गावाला सांगतो, हे काम त्याला तुझ्यामुळेच मिळालेलं. त्या दिवशी तो काय बोलला ते तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून मी कळवते. म्हणाला, "लोकहो, बसा! पाणी येत नाही. माझ्या वजदीचं यंत्र सांगतंय, हनशीर लूझला धोका नाही." निरोपात 'माझ्या वजदीचं' नव्हतं. ते त्याने पदरचं घातलं. भोंग्यातूनसुद्धा त्याची फुगलेली छाती ऐकू येत होती.

लोक बसले. शादलियाने अर्धी गुंडाळलेली चटई पुन्हा पसरली. शादलिया म्हणजे सुंदुसची आई, तुझी होणारी सासू. कदाचित तिथे गेल्यावर आठवण पुसट होत असेल, म्हणून सांगितलं. मी काठावर होते. तिने मला खालून हात केला आणि ओरडून म्हणाली, "मब्रूका, तुझ्या नातवाने आज माझी कंबर वाचवली गं!"

मग पाणी आलं.

सुंदुस थांबली आहे. थांबू दे. मी वाट बघेन. मला कुठे जायचंय?

हं. लिही पुढे.

तुझ्या जुन्या नंबरावर एक फ्रेंच बाई बोलते, असा नंबरच नाही म्हणते. हा पत्ता तुझ्या स्फाक्सच्या मास्तरांनी दिला. तुझ्या बापाला पोलीस घेऊन गेले. लोकांना बाजारात बसवून ठेवलं, हा गुन्हा. ज्यांची माणसं गेली ते आमच्या दारावरून जाताना थुंकतात. मी दार उघडं ठेवते, नेम तरी चांगला बसावा.

तू एकच कर. यंत्राने त्याला काय सांगितलं आणि का सांगितलं, ते लिहून पाठव. कोर्टाची तारीख नोव्हेंबरात आहे.

तुझी आजी
मब्रूका


हनशीर लूझ, १६ ऑक्टोबर

वजदी, माझ्या डोळ्यांच्या दिव्या,

पार्सल पोचलं. चॉकलेटं आणि एक लोकरी शाल. चिठ्ठी सापडली नाही. शाल उलटी करून झटकली, डबा सोलला, चॉकलेटंसुद्धा एकेक उघडून बघितली. काही नाही. चॉकलेटं कोंबड्यांनी खाल्ली नाहीत. शाल शेळीला घातली आहे. तिला शोभते. ती आता कुणाशी बोलत नाही, तुझ्यासारखी.

तू लिहिणार नाहीस असं दिसतंय, म्हणून काय झालं ते आम्हीच शोधलं. आम्ही म्हणजे सुंदुसने. मी फक्त तिला कॉफी दिली आणि झोपू दिलं नाही.

आईचं कफन शिवलं त्याच हातांनी ही पोर पाण्याच्या कचेरीत जाऊन यंत्रासमोर बसली. तिने मला समजावलं ते मी तुला सांगते. चुकलं तर माझं म्हातारपण, बरोबर असलं तर तुझी लाज.

कचेरीत एक मोठा तक्ता आहे. मुलखातल्या सगळ्या गावांचा. आडव्या ओळीत बघायचं, पाणी कुठून निघालं. उभ्या रांगेत बघायचं, कुठे पोचलं. जिथे दोन्ही मिळतात त्या घरात आकडा, किती पाणी आणि किती वेळात. पाऊस पडला की त्या मोठ्या तक्त्यातून आमच्या वादीपुरता तुकडा कापून काढायचा आणि त्यावर हिशेब करायचा. कचेरीचं गणिताचं सॉफ्टवेअर हे कापायला फार वेळ घ्यायचं. म्हणून तू शहाण्याने कापण्याचं काम दुसऱ्या, झटपट भाषेत लिहिलंस, दळून बारीक केलंस आणि त्या सॉफ्टवेअरला चिकटवलंस. सुरी झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

आता तुझी करामत. ते सॉफ्टवेअर तक्ता साठवतं उभ्या रांगांनी. एक रांग संपली की दुसरी, मागावरचे उभे धागे एकामागोमाग एक सोडवून गुंडाळावेत तसे. आणि तुझ्या सुरीने वाचला आडव्या ओळींनी. झालं. उभ्याचं आडवं. तुकडा निघाला नीटस, चौकोनी, फक्त उलटा. ऐन हल्फाला पाऊस पडल्यावर आमच्याकडे किती येईल, असं यंत्राने विचारलं, तर सुरीने कापून दिलं ते आमच्याकडून ऐन हल्फाला किती जाईल. म्हणजे शून्य. पाणी डोंगर चढत नाही, त्यामुळे यंत्र काही खोटं बोललं नाही. हनशीर लूझला धोका नाही म्हणालं.

मी विचारलं, "अगं, मग सुरी घासून बघितली नव्हती का कुणी?" तर ही खाली बघून म्हणाली, "बघितली होती, आजी. मी आणि वजदीने. गावांमधल्या अंतरांच्या तक्त्यावर."

अंतरांच्या! अरे, आमच्यापासून ऐन हल्फा जितकं लांब, तितकंच ऐन हल्फापासून आम्ही. तो तक्ता उभा वाचा, आडवा वाचा, तोच. मर्गूम गालिचा विणताना मधलं फूल मुद्दाम चारी बाजूंनी सारखं काढतात, पाहुण्याने कुठूनही बसून बघावं म्हणून. अशा फुलावर तुम्ही परीक्षा घेतलीत, कापड उलटं आहे की सुलटं! अंतर दोन्हीकडून सारखं असतं हे गाढवाला कळतं. पाणी दोन्हीकडून सारखं येत नाही हेही त्याला कळतं. तुम्हा दोघांना पहिलंच कळलं.

ही कचेरीतल्या मोठ्या साहेबाकडे गेली. साहेब म्हणाले, "ताई, दुःख मोठं आहे, पण पुरावा दाखवा."

"यंत्राला उलटसुलट विचारून बघा, साहेब. समोर दिसतंय."

"आज दिसतंय. त्या दिवशीही असंच होतं कशावरून? मधे कुणी हात लावला नाही कशावरून? मूळ लिखाण आणा."

"ते वजदीकडे आहे. तुमच्याकडे दळलेलंच दिलंय त्याने."

"मग त्याला सांगा. पिठावरून गहू कुठल्या शेतातला ते मी कसं सांगू?"

एवढं बोलून साहेबाने तिला चहा पाजला. चहात पुदिना नव्हता म्हणाली.

तेव्हा दाणे तुझ्या घरात आहेत, पीठ कचेरीत आहे आणि तुझा बाप कोठडीत आहे. दाणे पाठव.

(वजदी, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, त्यांना वाचता येत नाही. अंतरांच्या तक्त्यावर बघू हे तू म्हणालास, कारण तुझं विमान होतं. पण मान मी डोलावली. मी तुला दोष एकट्याला देत नाही. फक्त मूळ लिखाण पाठव. सुंदुस.)

तुझी आजी
मब्रूका


हनशीर लूझ, १९ नोव्हेंबर

वजदी,

मागच्या पत्रात मी बोलले त्यापेक्षा चार ओळी जास्त होत्या. वाचता येत नाही म्हणून मला मोजता येत नाही असं या पोरीला वाटलं. मागावर आयुष्य गेलंय माझं, कुठे धागा जादा पडला ते बोटांना कळतं. पोस्टमास्तराच्या बायकोकडून वाचून घेतलं आणि मगच पाकीट चिकटवलं. तशाच राहू दिल्या. बिचारी तुला अर्ध्या दोषाची भागीदारी देते आहे. घे. तिची आई पूर्ण गेली, अर्धी नाही.

आता बातमी ऐक. बसून ऐक.

काल निकाल लागला. त्याच्या आधी सुंदुस माझ्याबरोबर कोठडीत गेली होती तुझ्या बापाला भेटायला. त्याला धीर यावा म्हणून तिने सगळं सांगितलं. सुरी, तक्ता, उभं, आडवं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चूक पोराची?"

ही म्हणाली, "हो, काका. तुमची नव्हे. तुम्हाला निरोपच चुकीचा आला."

"त्याने कागदावर कबूल केलं तर त्याचं तिथलं काम राहील?"

"नाही राहणार. त्याच सुरीवर त्याला तिथली जागा मिळाली आहे."

"बरं," म्हणाला. मग मला म्हणाला, "उम्मी, पुढच्या वेळी मिरच्यांचं लोणचं आण." मला वाटलं, धीर आला.

कोर्टात न्यायाधीशाने विचारलं, "हम्मादी, कचेरीचा निरोप काय होता?" तुझा बाप उठला, कोट नीट केला आणि म्हणाला, "साहेब, निरोप धोक्याचाच होता. यंत्राने बरोबर सांगितलं होतं. बाजार मोडू नये म्हणून मी उलटं सांगितलं."

ऐकलंस? उलटं मी सांगितलं म्हणाला.

वकील कपाळ धरून बसला. कचेरीचे साहेब बुटांकडे बघत होते. त्यांना एवढंच हवं होतं. फोनची नोंद त्यांनी मागवली नाही, कुणीच मागवली नाही. गुन्हेगार स्वतः हात वर करून उभा असताना कागद कोण चाळतं? सुंदुस मागच्या बाकावरून ओरडली, "खोटं बोलतायत ते!" तर तिला शिपायाने बाहेर काढलं. ज्यांची माणसं गेली ते टाळ्या वाजवत होते. तिची आई गेली, पण तिला टाळ्यांत जागा नाही आणि आमच्याकडेही नाही. सध्या ती माझ्या मागाशेजारी झोपते.

बाहेर नेताना मी त्याला गाठलं. म्हटलं, "मेल्या, तू खोटं का बोललास?"

म्हणाला, "उम्मी, भोंग्यावर त्याचं नाव मी घेतलं. माझ्याच तोंडाने पुसलं. आता तुम्ही पुन्हा लिहू नका."

चार वर्षांची शिक्षा. वकील अपील करतो आहे. म्हणतो, दोन गोष्टी हव्यात. मुलाचं लेखी आणि बापाने आपलं म्हणणं मागे घेतल्याची सही. तुझं नाव स्वच्छ झालं आहे, अभिनंदन. आज शुक्रवारच्या नमाजात तुझ्यासाठी दुआ मागितली, बापामुळे पोराचं यंत्र बदनाम झालं म्हणून. मी ऐकलं आणि आमीन म्हटलं. खोकला आला मग.

मब्रूका


हनशीर लूझ, १ डिसेंबर

वजदी, बाळा,

आलं तुझं पत्र.

सुंदुसने वाचलं, मग मी तिला पुन्हा वाचायला लावलं. चांगलं लिहिलं आहेस. लपवलं नाहीस. तक्ता उभा साठवतात हे माहीत असून घाईत विसरलो, परीक्षेचा तक्ता सोपा म्हणून मीच निवडला, वडिलांना आलेला निरोप माझ्या चुकीमुळे आला. खाली सही. ग्रनोबलच्या कचेरीचा शिक्कासुद्धा मारून घेतलास म्हणे. मूळ लिखाण कुठल्या तरी तबकडीवर आहे, शोधून पाठवतो, असंही लिहिलं आहेस. शोध.

या पत्रातून तुला एक आशीर्वाद पाठवते. एकच. जपून वापर.

सुंदुस म्हणाली, "आजी, आधी गाबेसला जाऊन याची नक्कल काढू." मी म्हटलं, "नक्कल कशाला? शिक्का नकलेवर निळा दिसतो का?" न्यायाधीशाला निळा शिक्का लागतो, एवढं कायद्याचं मलाही कळतं. पण आधी हम्मादीने हे वाचलं पाहिजे, तरच सही करेल. तुझं मन मोकळं झालंय हे त्याने डोळ्यांनी बघायला हवं. मी सांगून त्याला पटणार नाही, मी त्याची आई आहे.

तुरुंगात कागद आत जाऊ देत नाहीत. आठवड्याला जेवणाची टोपली तेवढी जाते, तीही शिपाई उचकतात. कुसकुसात हात घालतात, ऑलिव्ह पिळून बघतात. भाकरीला मात्र हात लावत नाहीत, अन्नाचा अपमान म्हणून. तेव्हा मी भाकरीची मातीची भट्टी, ताबूना, तापवला आहे. जाड भाकरी भाजेन, गरम असताना कडेने चिरेन आणि तुझं पत्र घडी घालून आत सरकवेन. बाजूला खूण म्हणून काळे तीळ.

रमजान लागायच्या आत उरकेल.

तुझी आजी


हनशीर लूझ, ८ डिसेंबर

वजदी,

उद्यापासून रोजे. म्हणून आजच लिहवून घेते. उपाशीपोटी माझी जीभ गोड होते, आणि हे गोड बोलून सांगण्यासारखं नाही.

काल टोपली परत आणायला आणि त्याला भेटायला गेलो. मधे दुहेरी जाळी. तुझा बाप आला, वजन जरा वाढलं आहे.

मी विचारलं, "भाकरी कशी झाली होती?"

"झकास, उम्मी."

"तिळाची?"

"तीच आधी खाल्ली."

"सगळी?"

"सगळी."

मी इकडेतिकडे बघितलं, शिपाई जांभई देत होता. जाळीला तोंड लावून म्हटलं, "दाताखाली काही आलं नाही?"

"आलं. जरा चिवट होतं. हरिसाच्या तिखट चटणीबरोबर गेलं खाली."

"मुडद्या! वाचलंस तरी का?"

"वाचलं, दोनदा. अक्षर सुधारलं आहे त्याचं." मग सुंदुसकडे बघून हळूच विचारलं, "बाहेर याची नक्कल आहे का गं?"

सुंदुसला खोटं बोलता येत नाही, ती तुमच्या घरातली नाही ना अजून. म्हणाली, "नाही, काका."

"मग झालं तर," म्हणाला आणि पोटावरून हात फिरवला. मोठं जेवण झाल्यावर फिरवतो तसा.

माझ्या मुलाने तुझा कबुलीजबाब खाल्ला, वजदी. शिक्क्यासकट. पचला असेल एव्हाना.

सुंदुस रडली नाही. जाळी धरून हसत सुटली. इतकी, की शिपायाने मला विचारलं, "ही तुमची कोण?" काय सांगणार? कालपर्यंत होणारी नातसून म्हणत होते. आज तेही म्हणवेना. परत येताना बसमधे ती म्हणाली, "मी नक्कल काढू म्हटलं होतं." एकदाच म्हणाली. तिचं एकदा म्हणणं तुमच्या हजारापेक्षा वाईट लागतं.

तिचंही सांगते. कचेरीने तिला कामावर बोलावलं आहे, स्फाक्सच्या मोठ्या शाखेत. तुझी सुरी फेकून तिने नवीन लिहिली. या वेळी परीक्षा पाण्याच्या तक्त्यावर घेतली, जो उलटा वाचला की लगेच कळतो. साहेब खूश झाले. कागदावर लिहिलं, 'सुधारणा'. चूक होती असं कुठेच लिहिलं नाही. चूक नव्हती तर सुधारणा कशाची, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आजी, तुम्ही कचेरीत नोकरी करू शकणार नाही." परवा वरती थोडा पाऊस झाला तर यंत्राने आमच्याकडे भोंगा वाजवायला सांगितलं. नवीन भोंगेवाला आहे. त्याची छाती फुगत नाही. लोक वादीतून उठले. पाणी घोट्याएवढंच आलं, पण आलं.

तेव्हा गाव आता तुझ्याशिवाय सुरक्षित आहे. तू खुशाल राहा.

सोमवारी ती जाते. म्हणजे यानंतर लिहायला माझ्याकडे कुणी नाही. पोस्टमास्तराच्या बायकोचे मोती मी तुझ्यावर उधळणार नाही. हे शेवटचं.

आता कान दे. तू दुसरं पत्र लिहिशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे. पहिल्याने जरा हलकं वाटलं असेल, दुसऱ्याने आणखी वाटेल. वकील म्हणतो, अपिलाची सुनावणी ईदनंतर आहे. तोवर दुसरं पत्र चालेल, तिसरं चालेल, तबकडीही पोस्टाने चालेल. त्याला चालेल. मला चालणार नाही. पत्र ही तुझी नक्कलच, रे. नक्कल पाठवून मूळ तिथेच ठेवायचं, ही तुझी जुनी खोड आहे. कचेरीला पीठ दिलंस, दाणे ठेवलेस. आम्हाला शाल दिलीस, तोंड ठेवलंस. न्यायाधीशासमोर उभा असलेला मुलगा हम्मादीला खाता येणार नाही, फक्त तेवढाच खाता येणार नाही. तो आला तर अपील आहे. नाही आला तर माझा मुलगा चार वर्षं टोपलीतलं खाईल. मी असेन तोवर माझ्या हातचं. नंतर कुणाच्या हातचं, ते तू ठरव.

आशीर्वाद मागच्या पत्रात दिला होता, तो भाकरीबरोबर गेला. दुसरा आहे माझ्यापाशी, पण तो पोस्टाने पाठवत नाही.

आणि कागद पाठवू नकोस. पाठवलास तर मी तोही भाकरीत घालीन आणि तो तोही खाईल. त्याचे दात अजून मजबूत आहेत.

मब्रूका